भिंतीला मालक हवा

8 जून 2024, शनिवार

पुण्यात शनिवार पेठेतल्या आमच्या बोळाच्या तोंडाशी जुना दवाखाना आहे. त्याच्या भिंतीवर रात्रीत पुन्हा कोणीतरी रंग मारून गेलं. या वेळी चंदेरी आणि निळा फवारा. पुरुषभर उंचीची इंग्रजी वळणाची अक्षरं, एकमेकांत गुंतवलेली, कोणाला वाचता येऊ नयेत अशी. त्यांच्या आजूबाजूला आधीचं सगळं आहेच. बदामातली नावं, 'त्वरित कर्ज मिळेल' आणि खाली मोबाइल नंबर, बोअरवेलवाल्याचा छाप, कुठल्याशा दादांना वाढदिवसाच्या शुभेच्छा, दोन पक्षांची चिन्हं, कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या.

इमारत दुमजली. खालचा मजला घडीव काळ्या दगडाचा, वरचा विटांचा, त्यावर चुन्याचा गिलावा. माझ्या दोन्ही मुलांना ट्रिपलचं इंजेक्शन आणि पोलिओचे डोस इथेच मिळाले. पावसाळ्यात ओसरीत छत्र्यांची रांग लागायची आणि कंपाउंडर नावं पुकारायचा. पुढे दवाखाना दुसरीकडे हलवला. काही वर्षं इथे कुठल्याशा खात्याचं जुनं दप्तर ठेवलं होतं, नंतर तेही गेलं. आता दाराला कुलूप, कुलपाला गंज आणि वरच्या मजल्याच्या कोपऱ्यात पिंपळ. पिंपळाचं मूळ भिंतीत शिरलं की दगड सरकायला फार वर्षं लागत नाहीत.

फोटो काढले. एक अगदी जवळून, एक समोरच्या ओट्यावरून, सगळी भिंत आणि बोळाची पाटी दिसेल असा. मोबाइलवरून महापालिकेकडे तक्रार नोंदवली. या भिंतीची तक्रार मी पूर्वीही केली आहे, पण आता प्रत्येक पायरी तारखेसकट इथे उतरवणार आहे. तोंडी सांगितलेलं कुठल्याच कार्यालयात शिल्लक राहत नाही.

19 जून, बुधवार

मेसेज आला की आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे. लगेच खाली उतरून पाहिलं. निळा तसाच, चंदेरी तसाच. पिंपळाचं पानही कोणी तोडलेलं नाही.

दुपारी कार्यालयात गेले. टेबलावर पंचविशीची मुलगी होती. तिने नंबर टाकून पडद्यावर पाहिलं आणि म्हणाली, "काकू, ही इमारत आमच्या यादीत नाही. हद्दीत आहे, पण ताब्यात नाही. म्हणून तक्रार बंद झाली."

"मग कोणाच्या यादीत आहे?"

"ते आमच्याकडे दिसत नाही."

मुलगी चांगली होती. तिने पडदा माझ्याकडे वळवून दाखवला. तक्रार बंद करायला तिथे जागा होती, दुसऱ्या खात्याकडे पाठवायला नव्हती. म्हणजे ज्या भिंतीचा धनी त्या कार्यालयाला माहीत नाही, तिच्याबद्दलची प्रत्येक तक्रार बंदच होणार, मग ती कोणीही कितीही वेळा करो. हा दोष त्या मुलीचा नाही. ज्यांनी ही पद्धत आखली त्यांनी 'आमचं नाही' यापुढे काय करायचं याचा विचारच केलेला नाही.

तक्रार पुन्हा उघडायला लावली आणि सोबत लेखी अर्ज दिला. पोच घेतली, शिक्क्यासकट.

30 जून, रविवार

ज्ञानोबा-तुकोबांच्या दोन्ही पालख्या आज पुण्यात आल्या. संध्याकाळपासून पेठांमधून दिंड्यांचे जथे मुक्कामाची जागा शोधत हिंडत होते. दवाखाना चालू होता तेव्हा त्याच्या ओसरीत दरवर्षी एक दिंडी उतरायची. डॉक्टर रात्री उशिरापर्यंत बसून वारकऱ्यांच्या पायांचे फोड बांधून द्यायचे, आमच्या घरांतून पिठलं-भाकरी जायची.

आज परभणीकडच्या दोन बायका त्या पायऱ्यांवर टेकल्या, वास आला म्हणून उठल्या आणि आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. चहा दिला. एकीने विचारलं, "माय, एवढी दगडी इमारत, अन् कुलूप का हो?" मला तिला नीट उत्तर देता आलं नाही.

26 जुलै, शुक्रवार

परवा रात्रीपासून पावसाने झोडपून काढलं. खडकवासल्यातून काल पहाटे पाणी सोडलं आणि शहर जागं व्हायच्या आत सिंहगड रस्त्याकडच्या एकता नगरीत ते घराघरांत शिरलं. बाबा भिडे पूल पाण्याखाली. पुलाच्या वाडीत विजेचा धक्का बसून तिघेजण गेले. आमच्या बोळात पाणी आलं नाही, पण नदी इतकी जवळ आहे की रात्रभर कोणी झोपलं नाही.

आज सकाळी पाऊस थांबल्यावर समोरचे अण्णा नातवाला घेऊन खाली आले. अण्णा 1961 साली शाळकरी मुलगा होते. 12 जुलैला सकाळी पानशेतचं धरण फुटलं, त्यामागोमाग खडकवासला गेलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्यात बुडाल्या. पाणी ओसरल्यावर दवाखान्याच्या दगडात कोणीतरी छिन्नीने एक आडवी रेघ मारली आणि बाजूला तारीख कोरली. पाणी इथवर चढलं होतं, एवढंच ती सांगते. नाव नाही, कोणाच्या खर्चाने केलं ते नाही. बोळातली सगळी मुलं त्या रेघेखाली उभी राहून आपली उंची मोजत वाढली. माझीसुद्धा.

अण्णांना नातवाला ती दाखवायची होती. सापडेना. आम्ही तिघांनी शोधली. बोअरवेलच्या छापाचा हिरवा ऑइलपेंट, त्याच्यावर शुभेच्छांचा पांढरा पट्टा, त्याच्यावर आता निळा फवारा. अण्णांनी हात वर करून दगडावरून तळवा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. रंगाचे थर खाचेत बसून तिथला दगड सपाट झाला आहे. शेवटी त्यांनी अंदाजाने बोट ठेवलं आणि नातवाला म्हणाले, "इथं होती बघ. बहुतेक इथंच."

पोरगा म्हणाला, "आजोबा, मग काल पाणी इथपर्यंत येऊ शकलं असतं?" त्या रेघेचं कामच हा प्रश्न विचारायला लावणं होतं, आणि तो नेमका काल पेठेतल्या प्रत्येक मुलाने विचारायला हवा होता.

आजपासूनच्या प्रत्येक अर्जात ही रेघ पहिल्या ओळीत लिहिणार.

5 ऑगस्ट, सोमवार

यादीत कोण आहे ते कार्यालय सांगत नाही, तर कागद सांगेल. शेजारच्या वाड्याच्या कागदांवरून सिटी सर्व्हे नंबर लागला आणि दवाखान्याची मिळकत पत्रिका काढली. डिजिटल सहीची प्रत शुल्क भरून घरबसल्या मिळते, हे माझ्यासारख्या कितीतरी जणांना माहीत नसतं. धारकाच्या रकान्यात एका सरकारी खात्याचं नाव आहे. मी आजवर ज्या कार्यालयात खेटे घालत होते, त्याचं ते नव्हेच.

त्यामुळे आज माहिती अधिकाराचा अर्ज केला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, विषय एकच, मजकूर दीडशे शब्दांत, असा आपल्या राज्याचा नियम आहे. प्रश्न कसे विचारायचे हे मला बँकेतल्या एका जुन्या सहकाऱ्याने शिकवलं. 'भिंत साफ का केली नाही' असं विचारलं तर उत्तर येत नाही, कारण 'का' हे कुठल्या फायलीत नसतं. कागद मागायचा. म्हणून ताबा पावतीची प्रत मागितली, पाच वर्षांतल्या देखभालीच्या खर्चाचा तपशील मागितला, या इमारतीची देखभाल ज्या पदाकडे आहे त्या पदाचं नाव मागितलं आणि इमारतीच्या पुढच्या वापराबद्दल काही प्रस्ताव झाला असेल तर त्याची प्रत. शेवटी लिहिलं की माहिती दुसऱ्या प्राधिकरणाकडे असेल तर कलम 6(3) प्रमाणे पाच दिवसांत अर्ज तिकडे वर्ग करावा आणि मला कळवावं.

हे कलम मला फार मोलाचं वाटतं. तक्रारीच्या पडद्यावर जी जागा नव्हती, ती 2005 च्या या कायद्याने करून ठेवली आहे. इथे 'आमचं नाही' म्हणून मोकळं होता येत नाही, ज्याचं आहे त्याच्याकडे कागद पोचवावा लागतो.

14 ऑगस्ट, बुधवार

भिंतीखाली आता कचऱ्याच्या पिशव्या पडायला लागल्या. घंटागाडी सकाळी येते, तरीही. पिशव्या टाकणारे काही बाहेरचे नाहीत, बोळातलीच घरं आहेत, आणि ही माणसं स्वतःचा उंबरा दोनदा पुसणारी आहेत.

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2008 साली याच गोष्टीची परीक्षा घेतली होती. एका गल्लीत लोक सायकली लावत. प्रत्येक सायकलच्या हँडलला एक निरुपयोगी पत्रक अडकवून ठेवलं. भिंत स्वच्छ होती तेव्हा शंभरातल्या तेहतीस जणांनी ते खाली फेकलं किंवा दुसऱ्याच्या सायकलला लटकवलं. त्याच भिंतीवर रंगाच्या रेघोट्या मारल्या तेव्हा एकोणसत्तर जणांनी. गल्ली तीच, पत्रक तेच. घाण भिंत पाहिली की आपलाही हात सैल सुटतो. भिंतीच्या तक्रारीला 'किरकोळ' म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. ही पहिली पायरी आहे, तिच्यावरून बाकीचं खाली येतं.

18 सप्टेंबर, बुधवार

काल अनंत चतुर्दशी. मिरवणूक आज दुपारीही चालूच होती.

पहाटे तीनच्या सुमारास खाली आरडाओरडा झाला. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी फवाऱ्याच्या डब्यासकट एका मुलाला धरलं होतं. पंधरा-सोळा वर्षांचा. एकाने त्याच्या कानाखाली लावलीही होती. मी आणि शेजारच्या काकू खाली गेलो, त्याला आमच्या ओट्यावर बसवलं, पाणी दिलं. पोलिसांत देऊ या म्हणून मुलं हट्टाला पेटली होती. कायदा आहे खरा. महाराष्ट्र मालमत्ता विरूपणास प्रतिबंध अधिनियम, 1995. तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण दहावीच्या मुलावर त्याची सुरुवात व्हावी हे मला पटत नाही. त्या भिंतीवर मोठ्या माणसांचे मोबाइल नंबर ढळढळीत छापलेले आहेत. कर्जवाल्याचा, बोअरवेलवाल्याचा. त्यांना शोधायला पहाटे जागावं लागत नाही, एक फोन पुरतो. त्या नंबरांची यादी फोटोंसह मी सकाळी चौकीवर देऊन आले.

मुलाला विचारलं, हीच भिंत का?

तो म्हणाला, "काकू, तिथं कोणी राहतच नाही ना. कोणाचीच नाही ती."

सहा आठवडे माहिती अधिकाराच्या उत्तराची वाट पाहते आहे, आणि त्या उत्तराचा गाभा या पोराने एका वाक्यात सांगितला. त्याच्या आईला बोलावून त्याला घरी पाठवलं.

नंतर मंडळातल्या दोघा-तिघांनी सुचवलं, "ताई, आपणच चांगलं चित्र काढून टाकू. चित्रावर कोणी रेघोट्या मारत नाही." कल्पना वाईट नाही. कसबा पेठेत भिंतींवर चित्रं झाली ती लोकांनी आपली मानली. मुंबईत 2017 साली ससून डॉकमध्ये कलावंतांनी जे केलं ते बघायला माणसांची रीघ लागली होती. परवानगी घेऊन, सिमेंटच्या उघड्या भिंतीवर केलेल्या अशा कामाला माझा पाठिंबाच आहे. पण घडीव दगडावर रंग नको, मग तो देवाच्या चित्राचा असला तरी नको. दगडाची घडाई हीच त्या भिंतीची शोभा आहे, आणि ती रेघ चित्राखाली गेली काय किंवा जाहिरातीखाली गेली काय, मुलांना दिसणार नाहीच. त्यांना हे पटलं. पिंपळ छाटायला शिडी देऊ म्हणाले, पण मी थांबवलं. सरकारी इमारतीवर विनापरवाना चढून कोणी पडलं तर भलतंच व्हायचं. शिवाय पिंपळ नुसता छाटून जात नाही, मुळापासून मारावा लागतो.

27 सप्टेंबर, शुक्रवार

उत्तर आलं, मुदत उलटून गेल्यावर. पत्रिकेवर नाव असलेलं खातं लिहितं की इमारत वापरासाठी दुसऱ्या खात्याला दिली आहे. दुसरं खातं लिहितं की ताबा पावती अभिलेखात आढळत नाही. देखभालीचा खर्च: निरंक. वापराचा प्रस्ताव: निरंक.

पहिलं अपील आजच लिहिलं. वीस रुपयांचा स्टँप. दोन्ही उत्तरं एकाच अपिलाला जोडली, म्हणजे वाचणाऱ्याला ती शेजारी-शेजारी दिसतील.

17 ऑक्टोबर, गुरुवार

मंगळवारी दुपारी विधानसभा निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागली. आयोगाचा नियम असा की सरकारी इमारतींवरचा राजकीय मजकूर चोवीस तासांत काढायचा, इतर सार्वजनिक जागांवरचा अठ्ठेचाळीस तासांत, खाजगी मालमत्तेवरचा बहात्तर तासांत. आणि काल दुपारी टेंपो आला. चार माणसं, दोन शिड्या, रंगाचे डबे. तासाभरात दादांच्या शुभेच्छा गेल्या, दोन्ही चिन्हं गेली.

म्हणजे माणसं आहेत. शिड्या आहेत, रंगाला पैसे आहेत, आणि ही इमारत सरकारी आहे हेही त्यांना कोणाला विचारावं लागलं नाही. मुदत ठरलेली असली आणि ती पाळली नाही तर जाब द्यावा लागणार असला, की काम चोवीस तासांत होतं. या कामाचे तारीख-वेळेसह फोटो मी जपून ठेवले आहेत.

पण काम कसं झालं तेही लिहिलं पाहिजे. पांढरा ऑइलपेंट थेट दगडावर फासला. जिथे चिन्ह नव्हतं तिथला निळा फवारा तसाच ठेवला. वरच्या चुन्याच्या गिलाव्यावरही एक हात मारला. चुन्याची भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते, म्हणून ती शंभर वर्षं टिकते. तिच्यावर तेलाचा रंग चढवला की ओल आत कोंडते, गिलावा फुगतो आणि पुढच्या पावसात पापुद्र्यांनी गळून पडतो. साधी चुन्याची सफेदी स्वस्तही पडली असती. मी त्या माणसांना खाली उभी राहून सांगितलं. मुकादम म्हणाला, "मॅडम, आम्हाला जो डबा दिला तो आम्ही लावला." त्याचंही खरं आहे.

25 नोव्हेंबर, सोमवार

शनिवारी निकाल लागला. आज त्या पांढऱ्या चौकोनांवर अभिनंदनाचा मजकूर आहे, आणि त्याच्या शेजारी नवा लाल फवारा. कोऱ्या पाटीसारखी जागा आयतीच मिळाली.

न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेचे डबे एकेकाळी आतून-बाहेरून रंगाने भरलेले असत. 1984 मध्ये डेव्हिड गन तिथे प्रमुख म्हणून आले आणि त्यांनी एकच नियम धरला: एकदा स्वच्छ केलेला डबा पुन्हा रंगला तर तो पुसल्याशिवाय रुळांवर येणार नाही. रंगवणाऱ्याला आपलं काम शहरात फिरताना दिसेनासं झालं. गाडीमागून गाडी करत पाच वर्षं गेली आणि 12 मे 1989 रोजी शेवटचा रंगलेला डबा सेवेतून काढला. यातून मला एवढंच घ्यायचं आहे की एकदाची मोहीम काही कामाची नाही. रोज बघणारा माणूस लागतो. त्या शहरात पुढे हाच विचार गरीब वस्त्यांतल्या पोरांना उठसूट पकडण्यासाठी वापरला गेला, तो भाग मला नको आहे. भिंत पुसायची आहे, पोरं नव्हे.

आमच्या भिंतीला असा रोज बघणारा माणूस कसा मिळेल? पहारेकरी नेमून नाही. दार उघडून. आत माणसं असली की बाहेर कोणी रंग मारत नाही. दवाखाना चालू होता तेव्हा या भिंतीवर लसीकरणाच्या तारखेशिवाय काहीही नसायचं, आणि तीही खडूने फळ्यावर.

6 जानेवारी 2025, सोमवार

अपिलाच्या सुनावणीत दोन्ही खात्यांना फाइल शोधायला सांगितलं आणि फाइल निघाली. एका खात्याने दुसऱ्याला 'ताबा घ्यावा' म्हणून लिहिलेलं जुनं पत्र, आणि त्याला उत्तर नाही. इतकी वर्षं इमारत त्या दोन टेबलांच्या मध्ये पडून राहिली.

ते पत्र जोडून लोकशाही दिनाचा अर्ज पंधरा दिवस आधी, दोन प्रतींत दिला होता. महिन्याच्या पहिल्या सोमवारी हा दिवस असतो, आचारसंहितेच्या काळात तो भरत नाही, म्हणून आजवर थांबावं लागलं. माझा नंबर लागला तेव्हा मी तीन कागद टेबलावर ठेवले: मिळकत पत्रिका, ते पत्र आणि 16 ऑक्टोबरच्या चोवीस तासांच्या कामाचे फोटो. बोलले थोडंच. पाण्याची रेघ सांगितली. समोरचे अधिकारी स्वतः कोल्हापूरकडचे निघाले. 2019 चा पूर त्यांनी पाहिलेला आहे. रेघ म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि नीट ऐकून घेतलं.

दोन्ही खात्यांनी मिळून पाहणी करावी आणि महिन्याभरात लेखी कळवावं, असा आदेश झाला.

23 जानेवारी, गुरुवार

आज संयुक्त पाहणी झाली. दोन्ही खात्यांचे अभियंते, आणि आमच्या विनंतीवरून जुन्या इमारतींचं जतन करणाऱ्या एक वास्तुविशारद बाई. त्यांनी पैसे घेतले नाहीत.

एका अभियंत्याचं म्हणणं होतं की वाळूचा मारा करून तासाभरात भिंत साफ होईल. बाई म्हणाल्या, रंगाबरोबर दगडाचा वरचा थरही जाईल आणि तुमची ती रेघही जाईल. ॲसिड नको, ते दगडांमधल्या दर्जांचा चुना खातं. तारेचा ब्रश नको, त्याचे लोखंडी कण दगडात अडकतात आणि पावसात गंजाचे ओघळ उतरतात. निघालेल्या दर्जा सिमेंटने भरू नका, चुन्यानेच भरा, नाहीतर ओल सिमेंटमधून निघायला वाट न मिळून दगडातून निघेल.

मग त्यांनी करून दाखवलं. खालच्या कोपऱ्यातला वीतभर चौकोन घेतला. रंग सैल करणारं जेलसारखं द्रावण ब्रशने जाड लावलं, वर प्लास्टिकचा कागद चिकटवला आणि आम्ही सगळे थांबलो. कागद काढला तेव्हा रंग सुरकुतला होता. लाकडी पट्टीने तो अलगद ओढून घेतला: आधी लाल, मग पांढरा, त्याखाली हिरवा, असे थर पट्टीवर गोळा झाले. नायलॉनच्या ब्रशने आणि पाण्याने घासलं. काळा दगड वर आला, टाकीचे तिरपे घाव स्पष्ट दिसत होते. दगडाच्या बारीक छिद्रांत मात्र रंगाचे ठिपके राहिले. ते दुसऱ्या-तिसऱ्या लेपाला निघतील म्हणाल्या. पण रंग जितका जुना तितकं काम अवघड, हे त्यांनी अभियंत्यांना दोनदा बजावलं.

रेघेची जागा डोक्याच्या वर आहे, तिथे परांची बांधावी लागेल आणि त्याची परवानगी आज नव्हती. अण्णा खुर्ची टाकून दुपारभर बसले होते. त्यांनी अभियंत्यांना जागा दाखवली आणि त्यांच्याकडून ती पाहणीच्या कागदावर लिहून घेतली.

12 फेब्रुवारी, बुधवार

लेखी पत्र आलं. इमारतीचा ताबा आणि देखभाल मूळ खात्याकडेच राहील. देखभालीची जबाबदारी असलेल्या पदाचं नाव पत्रात आहे. पिंपळ मुळासकट काढणं आणि दगडी भिंत जतन पद्धतीने साफ करणं यांचं अंदाजपत्रक नव्या आर्थिक वर्षात होईल. वापराबाबत 'प्रस्ताव मागवण्यात येतील' इतकंच.

म्हणून आज बोळातल्या आणि शेजारच्या दोन बोळांतल्या लोकांच्या सह्यांनी प्रस्ताव दिला. खालच्या मजल्यावर आठवड्यातले काही दिवस बाह्यरुग्ण दवाखाना आणि लसीकरण, वर मुलांसाठी अभ्यासिका, आणि पालख्यांच्या मुक्कामात दोन रात्री ओसरी वारकऱ्यांना. रंग पुसण्याची मागणी त्यात शेवटच्या कलमात आहे, ती मुद्दाम शेवटी ठेवली.

तुमच्या पेठेत, गावात कुलूप लागलेली अशी सरकारी इमारत असेल आणि तिच्या भिंतीवर रंग दिसू लागला असेल, तर पहिल्याच दिवशी फोटोसह तक्रार करा, पण तेवढ्यावर थांबू नका. मिळकत पत्रिका काढा. ताबा पावतीची प्रत मागा. देखभाल ज्या पदाकडे आहे त्याचं नाव लेखी घ्या. आणि अर्जाच्या पहिल्या ओळीत इमारत उघडण्याची मागणी लिहा.